पाहणे पुरे होईपर्यंत

माणसाला बोलते करणे ही कला आहे असे आपण म्हणतो. पण बोलणाऱ्याला त्याच्या वाक्याच्या शेवटापर्यंत सुखरूप जाऊ देणे हे शील आहे, आणि शील कलेहून दुर्मिळ असते. सभेत, कचेरीत, फार काय स्वयंपाकघरातसुद्धा माणसे एकमेकांचे बोलणे अर्ध्यावर उचलतात आणि उरलेले स्वतःच्या पदरचे घालून पुरे करतात. ज्याचे बोलणे असे वारंवार तोडले जाते तो पुढेपुढे अर्धेच बोलू लागतो आणि कालांतराने अर्धाच विचार करतो. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. सेवा हा अर्थ त्यातून मागाहून उगवला. पूर्वसूरींनी हा क्रम उगाच लावलेला नसावा. रोग्याच्या उशाशी बसणारा आधी ऐकतो, मग औषध उगाळतो. हे शील ज्याच्या अंगी असते त्याची गावात फारशी कीर्ती होत नाही, कारण तो काही बोलल्याचे कोणाला आठवतच नाही. मात्र सद्गुणालाही एक धार असते, आणि ती केव्हा कोणाला लागेल हे त्या सद्गुणी माणसालाही आधी कळत नाही.

बुऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यात राहणारे दत्तात्रय पुराणिक मास्तर या शीलाचे धनी होते. नगरपालिकेच्या मराठी शाळेत ते भाषा शिकवीत. अंगाने उंच, खांद्यात किंचित वाकलेले; कोणी बोलू लागले की त्यांची मान आपोआप डावीकडे झुके आणि बोलणे संपेपर्यंत तशीच राही. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांच्या पत्नी सुलभाबाई म्हणत, "भाजीवालीचं रडगाणंसुद्धा हे शेवटपर्यंत ऐकून घेतात, आणि मग तिनं सांगितला तोच भाव देऊन येतात." मास्तर तेही पुरते ऐकून घेत आणि पिशवी खुंटीला लावीत.

छप्पन्न साली प्रांतांची नवी मांडणी झाली. ज्या नागपूरकडे बुऱ्हाणपूरचे अर्ज-विनंत्या जात, ते नागपूर दुसऱ्या राज्यात गेले, आणि आजवर कोणाचे फारसे जाणे-येणे नसलेले भोपाळ आपले झाले. तापीकाठची मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भांडणात दोन्ही बोलत आली होती, म्हणून त्यांचे दैनंदिन काही अडले नाही. पण सगळा देश एक होत असताना आपण नेमके कोणाशी जोडले गेलो आणि कोणापासून तुटलो, हे ज्याला त्याला स्वतःशी जुळवून पाहावे लागत होते. याच सुमारास माहितीपट दाखविणारी सरकारी गाडी शहरात येऊ लागली. धरणे, पोलादाचे कारखाने, देवीची लस, सुधारलेली वाणे असे तिचे विषय असत. महिन्यातून एका रविवारी, बाजार उठल्यावर, सरकी काढण्याच्या एका कारखान्याचे हंगामाबाहेर रिकामे पडणारे गोदाम त्यासाठी उघडत. खिडक्यांना गोणपाट लावून भर दुपारी अंधार करीत, आणि इथल्याच मागावर विणलेले एक पांढरे धोतर भिंतीवर ताणून त्याचा पडदा करीत.

चित्र संपल्यावर लोकांत चर्चा घडवून आणावी, अशी वरून सूचना होती. पहिल्या खेपेस एक अधिकारी स्वतः आले. त्यांनीच प्रश्न विचारले, त्यांनीच उत्तरे दिली, आणि चर्चा उत्तम झाली असे सांगून ते गेले. त्यांची बदली झाली तेव्हा हे काम पुराणिक मास्तरांच्या गळ्यात पडले.

मास्तरांनी या कामाची आपली एक रीत बसविली. चित्र कसे वाटले, हे ते कधीही विचारीत नसत. "तुम्ही काय पाहिलंत?" एवढाच त्यांचा प्रश्न असे. तोही पुढे गादीवर बसलेल्या प्रतिष्ठितांना आधी जात नसे. दाराशी उकिडव्या बसलेल्या हमालापासून तो निघे, स्त्रियांच्या बाजूने वळे आणि सरतेशेवटी वकील-व्यापाऱ्यांपर्यंत पोचे. आधी दिसलेले सांगायचे, मत मागाहून. आणि एकाचे सांगणे पुरे झाल्याखेरीज दुसऱ्याने तोंड उघडायचे नाही. ते पुरे झाले की नाही हे ठरवायचे ते ज्याचे त्याने.

रुईचे दलाल पंडितशेठ या रीतीने फार जेरीस येत. एकदा ते म्हणाले, "मास्तर, मी पाहिलं की कारखाना बांधायला हजार माणसं मिळतात आणि आमच्या गल्लीतली मोरी बांधायला एक मिळत नाही."

"हे मत झालं, शेठ. पाहिलं काय?"

"मोरी पाहिली. रोजच पाहतो."

गोदाम हसले, आणि मास्तरही हसले. पण मोरीविषयी शेठजींना आणखी जे म्हणायचे होते ते त्यांनी मान झुकवून अखेरपर्यंत ऐकले.

गाडीवर यंत्र चालविणारा लीलाधर यादव हा तरुण हिंदी मुलखातला होता. चित्रातले निवेदन अशा संस्कृतप्रचुर हिंदीत असे की खुद्द लीलाधरच मध्येमध्ये मास्तरांना एखाद्या शब्दाचा अर्थ विचारी. मास्तर सांगत. मग तो म्हणे, "मास्साब, ये हिंदी तो आपकी तरफ़ की निकली, हमारे घर में कोई नहीं बोलता." एकीकरण म्हणतात ते कुठे घडले असेल तर ते त्या यंत्रापाशी, त्या दोघांच्या थट्टेत थोडेसे घडले होते.

अठ्ठावन्न सालचा श्रावण सरत आला होता. त्या रविवारी दूरच्या एका धरणाचा माहितीपट होता. धरणाची भिंत कशी चढत जाते, खडी कशी फुटते, डोक्यावर पाट्या घेऊन मजुरांच्या रांगा फळ्यांवरून कशा वर जातात, हे त्यात होते. चित्र संपले, एक दार उघडले, उजेड आत आला. मास्तरांनी दाराशी बसलेल्यांपासून सुरुवात केली. कोणी ओझी उचलणाऱ्या यारीचा लांब हात पाहिला होता, कोणी साहेबाची टोपी, कोणी पाण्यात बुडालेले झाड. प्रश्न फिरत स्त्रियांकडे आला. तिथे तापीकाठच्या एका खेड्यातल्या दोघी बसल्या होत्या. केळी विकून झाल्यावर सावलीला म्हणून आत आल्या होत्या. एकीचे नाव रंभाबाई, दुसरीचे मनकर्णा. मनकर्णाबाईंच्या मांडीवर रिकामी टोपली होती आणि तिची कड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"तुम्ही काय पाहिलं, बाई?"

त्या उठून उभ्या राहिल्या. "माह्या कडूले पाह्यलं."

मागे कोणीतरी हसले. मास्तरांची मान झुकलेलीच राहिली, म्हणून हसू तिथेच थांबले. मनकर्णाबाईंना पुढे बोलवेना. तेव्हा मास्तरांनी रंभाबाईंकडे पाहिले, आणि उरलेले त्यांनी सांगितले.

मनकर्णाबाईंची आधीची दोन लेकरे तान्हेपणीच गेली होती. तिसऱ्याचे नाव त्या मुलखाच्या रिवाजाप्रमाणे कडू असे ठेवले, की मृत्यूने तोंडात घेतलाच तर थुंकून द्यावा. कडू वाढला, मिसरूड फुटले, आणि गावच्या काही पोरांबरोबर मुकादमाच्या मागे धरणावर कामाला गेला. तिथे त्याला ताप भरला. सोबत्यांनी तिथेच अग्नी दिला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातलाच एकजण अस्थी घेऊन आला. त्या तापीत सोडल्या. दहावे झाले, तेरावे झाले, शास्त्रात काही उणे राहिले नाही. राहिले ते एवढेच, की आईने तोंड पाहिले नव्हते.

रंभाबाई थांबल्या तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या, "हाडाले तोंड नसते, मास्तर."

मास्तरांनी लीलाधरकडे पाहिले. त्याने काही न विचारता फीत मागे गुंडाळली, दार लोटले, यंत्र सुरू केले. मनकर्णाबाईंना पुढे गादीवर बसविले. पंडितशेठ स्वतः उठून बाजूला झाले. पुन्हा खडी फुटली, पुन्हा रांग फळीवर चढू लागली. त्या रांगेतला एक पोरगा पाटी खाली ठेवतो, गमछ्याने तोंड पुसतो, चित्र घेणाऱ्याकडे पाहून हसतो, आणि चौकटीबाहेर जातो. डोळ्याचे पाते लवायला लागतो तेवढाच वेळ. त्याच वेळी आईच्या डोळ्यांत पाणी आले, तिने ते पदराने टिपले, आणि डोळे उघडले तेव्हा पोरगा गेला होता.

"गेला," त्या म्हणाल्या. "तवरच गेला." मग मास्तरांकडे वळून, एखाद्या थोरल्या भावाजवळ मागावे तसे म्हणाल्या, "त्याले जरासा उभा करा ना."

लीलाधरने हात जोडले. फीत चालत आहे तोवर ठीक, हे त्याने सर्वांना समजावून सांगितले. दिव्याची आच इतकी, की चित्र एका जागी थांबले की फीत जळते. आणि उद्या हेच चित्र खंडव्याला दाखवायचे आहे. "और दस बार चला दूँगा, मास्साब. रोकने को मत कहिए."

पंडितशेठांनी मास्तरांचा सदरा ओढून हळू आवाजात म्हटले, "पुरे म्हणा हो तिला. दिसलं तेवढं नशीब."

ते म्हणणे शहाणपणाचे होते, आणि मास्तरांना ते कळतही होते. पण पुरे हा शब्द त्यांनी आयुष्यात दुसऱ्याला उद्देशून कधी उच्चारला नव्हता. तो त्यांच्या जिभेला ठाऊकच नव्हता. त्यांनी मनाशी विचार केला की क्षणभर थांबविले तर काय बिघडते; एका श्वासाएवढा वेळ फीत सोशील. त्यांनी लीलाधरला विनविले. शेवटी असे ठरले की तो चित्र थांबवील आणि नजर मास्तरांच्या हातावर ठेवील. त्यांनी हात वर करताच पुन्हा चालू करील. तो म्हणाला, "साँस भर, मास्साब. उससे ज़्यादा नहीं."

तिसऱ्यांदा अंधार झाला. रांग चढली, पाटी खाली आली, गमछा तोंडावरून उतरला, आणि कडू थांबला.

केवढा तरी मोठा दिसत होता तो. पुढचा एक दात जरा तिरका, भुवईवर धुळीची रेघ, आणि ओठांच्या कोपऱ्यात ते हसू, अर्धे आलेले. मनकर्णाबाई उठून पडद्याकडे गेल्या. त्यांची सावली त्याच्या गालावर पडली तेव्हा त्या दचकून बाजूला सरल्या, घरात लेकाला दारातून वाट द्यावी तशा. मग त्यांनी कपाळापासून पाहायला सुरुवात केली. मास्तर त्यांच्यापासून दोन हात अंतरावर उभे होते. त्यांना त्या माऊलीचे डोळे दिसत होते. ते केसांवरून कपाळावर आले, कपाळावरून भुवईच्या धुळीवर आले, तिथे थांबले. अजून पुष्कळ चेहरा उरला होता. मास्तरांचा उजवा हात मांडीशी होता. हात वर करायची वेळ झाली आहे हे त्यांना समजले. तो वर करावा अशी आज्ञाही त्यांनी त्या हाताला मनोमन दिली. परंतु जन्मभर ज्याने कोणाचे वाक्य मध्ये तोडले नाही, त्याच्या हाताला ते पाहणे तोडता आले नाही.

हनुवटीजवळ एक तपकिरी ठिपका आला. तो गालावर पसरला, त्याची कड चुरगळली, मधून भकभकीत पांढरा उजेड फुटला, आणि तो तिरका दात, ते हसू, ते डोळे आतल्या आत वितळत गेले. जळण्याला आवाज नव्हता. लीलाधर यंत्राच्या कळीवर तुटून पडला. घाईत ती उलट दाबली गेली, फीत दात्यांत सापडली आणि वीत-दीड वीत चिरत गेली. मग दिवा विझला.

कोणीतरी दार उघडले. सगळी माणसे मास्तरांकडे पाहत होती, कारण चित्रानंतर पहिले बोलायचे ते मास्तरांनी, अशीच तिथली वहिवाट होती. ते दोन पावले पुढे आले. "बाई, माझा हात..." एवढे म्हणून त्यांना पुढचे शब्द सापडेनात. ज्यांनी शेकडो लोकांची वाक्ये धीराने शेवटाला नेली होती, त्यांचे वाक्य शेवटाला नेणारे तिथे कोणी नव्हते.

मनकर्णाबाईंनी टोपली उचलून कमरेवर घेतली. त्या रडत नव्हत्या.

"बाया मसणात जात न्हाईत, मास्तर," त्या म्हणाल्या. "मले नेलं तुम्ही."

आणि रंभाबाईंचा हात धरून त्या उन्हात निघून गेल्या.

हे बोलणे कृतज्ञतेचे होते की आरोपाचे, याचा निर्णय मास्तरांना त्या दिवशी लागला नाही आणि नंतरही कधी लागला नाही. सुलभाबाई म्हणाल्या की आभारच मानले बिचारीने, जे बायकांना मिळत नाही ते तिला मिळाले. पंडितशेठ म्हणाले की मनाला लावून घेऊ नका, ती भानावर नव्हती. मास्तरांनी दोघांचेही ऐकून घेतले. लीलाधरने जळका, फाटका भाग कातरीने काढून टाकला आणि उरलेली दोन टोके डिंकासारख्या कसल्याशा द्रावाने जोडली. कडू जेवढा होता तेवढा त्या कातरलेल्या तुकड्यात होता. तो तुकडा त्याने मास्तरांच्या हाती ठेवला. उजेडाकडे धरला तर एका ठिकाणी गमछ्याचे टोक आणि पाटीची कड ओळखू येई. चेहरा कोठे नव्हता. वरिष्ठांना लीलाधरने फीत यंत्रात अडकली एवढेच कळविले; दोष माझा आहे असे मास्तर सांगू लागले तेव्हा तो म्हणाला, "आपका हाथ नहीं उठा तो मुझे भी तो दिख रहा था, मास्साब. मैं ही क्यों रुका रहा?"

पुढच्या महिन्यात ते चालत मनकर्णाबाईंच्या खेड्यास गेले. तुकडा खिशात होता. तो द्यावा की देऊ नये, तापीत सोडावा की जपावा, हे वाटेत ठरत नव्हते. बाईंनी ओट्यावर घोंगडी अंथरली, पाणी दिले, पिकलेली केळी पुढे ठेवली. पाऊसपाण्याच्या, घडांच्या भावाच्या गोष्टी झाल्या. मास्तर मान झुकवून वाट पाहत राहिले, की त्या बोलतील. त्या बोलल्या नाहीत; आणि आपण होऊन विषय काढण्याची सवय मास्तरांना नव्हती. तुकडा खिशात तसाच घेऊन ते परतले.

वर्षभराने लीलाधरकडून कळले की त्याच धरणाचा माहितीपट नव्याने येत आहे, नवी कोरी प्रत. मास्तरांना त्या निरोपाने जो आनंद झाला, तसा सुलभाबाईंनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. नवी प्रत म्हणजे कडू पुन्हा पाटी खाली ठेवणार होता, पुन्हा हसणार होता. या वेळी थांबवायचे नाही, चालत्या चित्रात दहादा पाहू द्यायचे, असे त्यांनी ठरविले. खेड्यात निरोप धाडला. मनकर्णाबाई रंभाबाईंना घेऊन आल्या. नेसणे धुवट होते. मास्तरांनी त्यांना अगदी पुढे बसविले.

चित्र सुरू झाले. धरण आता बांधून झाले होते. नव्या प्रतीत पाणी भिंतीवरून कोसळत होते, फिती कापल्या जात होत्या, पाहुण्यांच्या गळ्यात हार पडत होते. खडी फोडण्याचा भाग थोडा होता. मजुरांच्या रांगा दुरून, मुंग्यांसारख्या, एकदाच दिसल्या. फळी, पाटी, गमछा हे सगळे गाळून त्या जागी उद्घाटनाचा सोहळा घातलेला होता. निवेदक उत्तुंग, विराट, चिरंतन असे शब्द उच्चारीत होता. मनकर्णाबाई शेवटपर्यंत पडद्याकडे पाहत राहिल्या.

दार उघडले. मास्तर उठले. दाराशी बसलेल्या हमालाला त्यांनी विचारले, त्याच्या शेजाऱ्याला विचारले. लोक सांगत होते, ते ऐकत होते. प्रश्न स्त्रियांकडे वळला. रंभाबाईंनी पाणी पाहिले होते. त्यांच्या पलीकडे मनकर्णाबाई मान वर करून बसल्या होत्या. विचारले असते तर त्यांनी उत्तर दिले असते. मास्तर त्यांच्यासमोर क्षणभर उभे राहिले, आणि त्यांना न विचारता पुढे गेले.

एवढ्या वर्षांत ते कोणाला वगळून पुढे गेल्याचे लोधीपुऱ्याने हे प्रथम पाहिले. पंडितशेठांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "आज मी काही पाहिलं नाही, मास्तर," आणि त्यांनी खाली पाहिले.

त्यानंतर मास्तरांनी ते काम सोडले. हिंदी उत्तम जाणणारे एक तरुण शिक्षक त्या जागी आले. ते चित्र कसे वाटले असे विचारीत, आणि चर्चा वेळेवर संपे. पुढे गाडीही यायची थांबली. मनकर्णाबाई काही वर्षांनी गेल्या. त्यांचे मुखदर्शन घ्यायला मास्तर गेले होते. त्यांच्या पाठोपाठ मास्तरही फार दिवस राहिले नाहीत. शेवटच्या आजारात शेजारीपाजारी उशाशी बसून बोलत, आणि ते मान झुकवून ऐकत.

मास्तरांच्या मागे अपत्य नाही, लेखन नाही. फितीचा तो तुकडा चिकट होऊन विरून गेला. कडू त्या दुपारी ज्यांना दिसला होता, त्यांच्यापैकी दोघे-तिघे अजून लोधीपुऱ्यात आहेत.